सहाशेचाळीस सीटांची गाडी

दस्तगीरचाचा कॉम्प्युटरसमोर बसले की आधी सदऱ्याच्या खिशातून अडकित्ता काढायचे. सुपारी कातरायला नव्हे. अडकित्त्याची मूठ टेबलाच्या लोखंडी कडेवर दोनदा आपटायची, टक टक, आणि मगच बटण दाबायचं. यंत्र सुरू होताना मध्येच काही बिनसलं तर एकदाच आपटायचे. टक. तीस वर्षं ते एसटीत कंडक्टर होते. एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं होतं. तिकिटं छेदायचा पंच निवृत्तीच्या दिवशी डेपोत जमा करावा लागला, म्हणून अडकित्ता खिशात आला. "हाताला कायतरी वाजवाया लागतं, बाई," ते म्हणायचे. "त्याबिगर गाडी सुटल्यागत वाटत न्हाई."

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. भोरच्या स्टँडजवळ, एका किराणा दुकानाच्या माडीवर पत्र्याच्या खोलीत मी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. पुण्यातल्या कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेली सहा थ्री-एटी-सिक्स यंत्रं टेम्पोत घालून आणली होती. येताना कापूरहोळच्या पुढे टेम्पोने असा गचका दिला की एका यंत्राचं झाकण कायमचं वाकडं झालं. क्लासच्या पाटीवर 'आधुनिक' असा शब्द मी स्वतः रंगवला होता. त्यातला 'धु' जरा मोठा झाला होता. येणाऱ्या मुली त्याला 'धु क्लास' म्हणत, आणि मला ते कळत नाही असं त्यांना वाटे.

यंत्रांमध्ये मेमरी चार एमबी. पण त्या काळी डॉसवर चालणारे प्रोग्रॅम त्यातल्या पहिल्या सहाशेचाळीस केबीतच पथारी पसरायचे. बाकीची मेमरी असून नसल्यासारखी. मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम सुरू केला की माऊस चालायचा नाही, माऊस चालवला की छपाई अडायची, आणि सगळं एकदम चालवावं तर पडद्यावर इंग्रजीत पाटी यायची की जागा नाही. दिवसभर माझं एकच पालुपद चाले, "मेमरी नाही! जागा नाही! आधीचं बंद कर!"

आमच्या जिन्याखाली एक बाकडं होतं. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून चाचा रोज दुपारी तिथे येऊन बसत, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत. माझं ओरडणं त्यांनी पंधरा दिवस ऐकून घेतलं. मग एके दिवशी कठड्याला धरून, प्रत्येक पायरीला एक शिवी देत ते वर आले आणि दारात उभे राहिले.

"बाई, दिसभर जागा न्हाई, जागा न्हाई म्हनून वरडताय. किती सीटांची गाडी हाय तुमची?"

मी आधीच वैतागलेली होते. म्हटलं, "सहाशेचाळीस."

"सहाशेचाळीस!" चाचांनी डोळे वटारले. "आन् जागा न्हाई? आवं, चव्वेचाळीस सीटांच्या गाडीत म्या पासलीचं अख्खं वऱ्हाड नेलंय. नवरदेवासकट!"

मुली फिदीफिदी हसल्या. चाचांना एकदाचं वाटेला लावावं म्हणून मी खुर्ची दिली. (माझ्या आयुष्यातले बरेच चांगले निर्णय असेच चुकून झालेले आहेत.) चाचा बसले आणि म्हणाले, "दाखवा, कोन कोन बसलंय."

मी यादी पडद्यावर आणली आणि वाचून दाखवली. मराठी अक्षरांचा प्रोग्रॅम, माऊसचा, प्रिंटरचा, डिस्कचा वेग वाढवणारा. हे सगळे आधीपासून मेमरीत चढून बसलेले असतात, लागतील तेव्हाच जागे होतात, असं समजावलं.

"आन् उतरत्यात कुठं?"

"उतरत नाहीत. यंत्र बंद होईपर्यंत बसून राहतात."

"म्हंजी फुल तिकीट काढून झोपल्यात." चाचांनी मान डोलावली. "हिला टप हाय का?"

मी काही बोलणार तोच थांबले, कारण टप होता. सहाशेचाळीसच्या वर थोडी राखीव जागा असते, अप्पर मेमरी. काही प्रोग्रॅम तिथे चढवता येतात. मेमरी जुळवून देणारा एक प्रोग्रॅमही आमच्याकडे होता. तो चालवला की यंत्र आपलं आपण दोनतीनदा बंद-चालू होई आणि कुणाला खाली ठेवायचं, कुणाला वर, ते ठरवून टाकी. मी तो कधीच चालवून बघितला होता. थोडी जागा निघाली होती, पण पुरेशी नाही.

तो कसा काम करतो ते चाचांनी मला पुन्हा करून दाखवायला लावलं. डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "ह्यो कंडक्टर नवा हाय. रांगंत हुबं हायत तसंच बसवतोय. आवं, चढताना मानूस बोचकी-बाचकी घिऊन चढतो, तवा त्याला दोन सीटांची जागा लागती. बसला की आक्रसतो. म्हनून जाडी माणसं आधी चढवायची, गाडी रिकामी हाय तवर. किरकोळ लोक मागनं कुठंबी शिरत्यात."

पुढे मी एका जाडजूड पुस्तकात वाचलं की हे अक्षरशः खरं आहे. प्रोग्रॅमला चढताना जास्त मेमरी लागते आणि बसल्यावर कमी, त्यामुळे क्रम बदलला की जागा निघते. पुस्तकाला त्यासाठी अकरा पानं लागली होती. त्या दुपारी मात्र मी हट्टाने म्हटलं, "असं काही नसतं चाचा," आणि त्यांनी सांगितला तसा क्रम फक्त त्यांची जिरवावी म्हणून लावून बघितला. एकोणतीस केबी मोकळी झाली. चाचांनी टेबलाच्या कडेवर अडकित्ता आपटला. टक टक.

त्या दिवसापासून ते वर येऊन बसू लागले. इंग्रजी अक्षरं त्यांना गाड्यांच्या नंबरप्लेटांवरून येत होती, तेवढी पुरली. प्रत्येक प्रोग्रॅमला त्यांनी नाव ठेवलं. मराठी अक्षरांचा प्रोग्रॅम म्हणजे सरपंच, कारण तो टपावर चढायला तयारच नसे, त्याला पुढची सीट लागे. प्रिंटरचा प्रोग्रॅम म्हणजे पाव्हणा. कामापुरता आला आणि बसूनच राहिला. माऊसचं मात्र सरळ भाषांतर झालं. "उंदीर टपावर टाका," असं ते म्हणायचे आणि मुली तो टाकायच्या. महिन्याभरात क्लासची भाषाच बदलली. "बाई, माझी गाडी भरली." "चाचा, माझा सरपंच हलंना." एकदा गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई क्लास बघायला आल्या आणि हे ऐकून, आपण चुकीच्या जिन्याने वर आलो की काय, म्हणून पाटी बघायला परत खाली गेल्या.

चाचांची कीर्ती हायवेपर्यंत गेली. शिवऱ्याला एका हॉटेलवाल्याने बिलांसाठी कॉम्प्युटर घेतला होता आणि तो रांगायला लागला होता. आम्ही दोघं गेलो. गल्ल्यावर मालक, भोवती वेटर, आणि बिल हवं असलेले दोन ट्रकवाले. चाचांनी यादी बघितली, एका नावावर बोट ठेवलं आणि मला हळूच विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, मोटारींच्या शर्यतीचा खेळ आहे, सुरुवातीलाच मेमरीत चढवून ठेवलाय. चाचा ताडकन उठले आणि गाडीत द्यावी तशी आरोळी दिली, "फुकट्या घावला!" वेटर गोळा झाले. मालकाचा चेहरा शेंदरासारखा झाला. तेव्हा कुठे आम्हाला कळलं की दुपारी गल्ला बंद करून शर्यत कोण खेळतं. चाचांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला. "मालक, ह्येला हितंच उतरवू का फुडल्या टप्प्याला?" मालक म्हणाले, "फुडल्या टप्प्याला." त्या दिवशी आम्हाला मिसळीवर मिसळ वाढली गेली. परत येताना चाचा म्हणाले, "मानसाची आब ठिवून उतरवायचं असतंय, बाई. भर स्टँडावर कुनाला ढकलायचं न्हाई." हे वाक्य मी तेव्हा मिसळीच्या ढेकरेबरोबर विसरून गेले.

मग आला टायवाला. पुण्याहून मोटारसायकलवर आलेला एक विक्रेता. भोरच्या उन्हात त्याचा टाय मानेला चिकटला होता. त्याच्याकडे एक फ्लॉपी होती. ती घातली की मेमरी दुप्पट होते, म्हणाला. आमच्या एक नंबरच्या यंत्रात त्याने ती चालवूनही दाखवली. यंत्र सुरू होताना पडद्यावर चारच्या जागी आठचा आकडा झळकला. माझे डोळे चमकले असणार, कारण चाचा माझ्याकडे बघून खाकरले.

"दादा," ते त्याला म्हणाले, "आता ह्यात आठाचं सामान भरून दाखवा."

टायवाल्याने काहीतरी सांगायला सुरुवात केली. चाचांनी त्याला थांबवलं आणि यादी उघडायला लावली. मेमरी होती तेवढीच होती. उलट त्या फ्लॉपीतला प्रोग्रॅम स्वतःच खाली, सहाशेचाळीसात, तीस केबी अडवून बसला होता.

"गाडीच्या कपाळावरची पाटी बदलली, दादा. भोर काढून मुंबई लावलं. म्हनून गाडी मुंबैला जाती व्हय?"

टायवाला पाणी पिऊन गेला. फ्लॉपी 'नमुना म्हणून' ठेवून गेला. चाचा म्हणाले, "टाकून द्या." मी म्हटलं, "टाकते," आणि टेबलाच्या खणात टाकली.

आता सुमनबद्दल सांगायला हवं. सुमन पासलीची. बारावी होऊन ती उत्रोलीला मावशीकडे राहत होती आणि रोज चालत क्लासला येत होती. बोटांत विजेचा वेग आणि तोंडात मूग. सरकारी टायपिंग परीक्षा आता कॉम्प्युटरवर होणार होती. ती पास झाली तर तिला नोकरीचे अर्ज करता येणार होते. परीक्षेचं केंद्र भोरला मिळालं तरच ती बसू शकत होती. तिचे वडील एकदा भाताचं पोतं मावशीकडे टाकून क्लासात आले होते, टोपी हातात धरून. "बाई, भोर म्हंजी मावशी हाय. पुण्याला आमचं कोन हाय? केंद्र हितं झालं तर बसू दे, न्हाईतर तिला घरी न्हेतो. बघायला येनार हायत लोक." सुमन तेव्हा यंत्राकडे तोंड करून बसली होती. तिची बोटं कळांवर होती, पण एकही कळ वाजत नव्हती.

केंद्रासाठी मी अर्ज केला होता. उत्तर आलं की तपासणीला साहेब येतील. सोबत अटींचा कागद होता. परीक्षेचा प्रोग्रॅम सर्व यंत्रांवर एकाच वेळी अडथळ्याविना चालला पाहिजे, ही पहिली अट. प्रत्येक यंत्रात मेमरी आठ एमबी पाहिजे, ही दुसरी.

पहिल्या अटीसाठी चाचा आणि मुली आठ दिवस खपल्या. परीक्षेचा प्रोग्रॅम म्हणजे महाजाडा उतारू. त्याच्यासाठी पाव्हण्याला खाली उतरवला, उंदीर टपावर गेला, सरपंचाला खिडकीशी सरकवला. शेवटी सहाही यंत्रांवर तो बसला, आणि जेमतेम तीन केबी मोकळी उरली. "तीन म्हंजी लई झाली," चाचा म्हणाले. "एक लेकुरवाळी बसंल."

दुसऱ्या अटीवर आमचं वाजलं. मी खणातली फ्लॉपी काढली.

"नुसता आकडा तर दाखवायचाय, चाचा. साहेब आकडा बघतील, टिक करतील आणि जातील."

"न्हाई."

"सुमनला घरी नेतील तिचे वडील."

"ठावं हाय मला. म्हनूनच न्हाई म्हनतो. चार हाय तर चार सांगा, चालवून दाखवा, हात जोडा, पाया पडा. बिगरतिकीट मानूस म्या तीस वर्सं गाडीत घेतला न्हाई, बाई. कोंबडीचंबी तिकीट फाडलंय. वेल्ह्याच्या बाजारच्या गाडीत एका म्हातारीनं कोंबडा पदराखाली झाकला हुता. त्यो आरवला. म्या तिकीट फाडलं, म्हातारीला न्हाई मागितलं, माझ्या खिशातनं घातलं. पन तिकीट फाडलं!"

मी फ्लॉपी परत खणात ठेवली. चाचांना वाटलं की मला पटलं. तपासणीच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी आले आणि दाराजवळच्या एक नंबरच्या यंत्रावर, साहेब पहिल्यांदा बघतील त्या यंत्रावर, ती फ्लॉपी चढवली. एकाच यंत्रावर. एवढ्याने काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं.

साहेब आले. चष्मा, फाईल, आणि पायऱ्या चढून लागलेली धाप. एक नंबरचं यंत्र मी सुरू केलं. आठ. साहेबांनी समाधानाने कागदावर खूण केली. चाचा माझ्या मागे उभे होते. मला त्यांचा चेहरा दिसला नाही, पण आवाज ऐकू आला.

टक.

एकच. मी मागे वळून बघितलं नाही.

साहेबांनी मेमरीतली यादी मागितली, ती दाखवली. त्यांनी चष्मा वर केला. "माऊस दिसत नाही यात. माऊस कुठंय?"

"उंदीर टपावर हाय, साहेब," चाचा म्हणाले.

साहेबांनी पत्र्याकडे बघितलं आणि खुर्ची दोन फूट मागे ओढली. एक पाय त्यांनी नकळत उचललाही होता. मुलींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. मी घाईघाईने अप्पर मेमरीचं स्पष्टीकरण दिलं. साहेबांना ते पटलं असावं, कारण पाय खाली आला. पण पुढचा अर्धा तास ते अधूनमधून वर बघत होते.

मग ते म्हणाले, "आता सगळ्या यंत्रांवर एकदम चालवा. ही मुलगी इथे बसेल." आणि सुमनला त्यांनी एक नंबरच्या यंत्रावर बसवलं.

सहा मुली, सहा यंत्रं. उतारा सुरू झाला. सुमनची बोटं सगळ्यांच्या पुढे धावत होती. अर्ध्यात पोचली असेल नसेल, तिचा पडदा गोठला. तिने एक कळ दाबली, दुसरी दाबली, आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. तीन केबीच्या मोकळ्या जागेत मी तीस केबीचा ठोंब्या बसवला होता. गाडी इथवर आली हेच नवल.

"हे बंद पडलं," साहेब म्हणाले आणि पेन काढलं.

"साहेब, एक मिन्टं." चाचा पुढे झाले. "एक जन चुकीच्या गाडीत बसलाय. त्येवडा उतरवून घेतो." गुडघ्यांची पर्वा न करता ते खुर्चीशेजारी ओणवे झाले. यंत्र पुन्हा सुरू केलं, सुरुवातीच्या यादीतली ती ओळ शोधून काढून टाकली, आणि परत सुरू केलं. पडद्यावर आकडा आला. चार.

"अहो, मघाशी तर आठ होते!"

मुलींचं टायपिंग थांबलं.

"आठ ही नुस्ती पाटी हुती, साहेब. ती काढली. गाडी चाराचीच हाय. आता पळवून बघा."

"पाटी लावली कुणी?"

खरं सांगते, मी तोंड उघडलं होतं. पण त्यातून काही बाहेर यायच्या आत चाचा म्हणाले, "मीच की. म्हातारं मानूस, साहेब. हात गेला चुकून."

साहेबांनी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे, मग पत्र्याकडे बघितलं. "पुन्हा सुरू करा," म्हणाले. चाचांनी कडेवर अडकित्ता आपटला, टक टक, आणि सुमनने पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. सहाही यंत्रांवर उतारा वेळेत पुरा झाला. सुमनचा सगळ्यात शेवटी, घड्याळाच्या अगदी काट्यावर. साहेबांनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. त्यांनी आठवर केलेली खूण खोडलेली मी बघितली. खाली लिहिलं होतं, 'मेमरी चार, तथापि प्रोग्रॅम सर्व यंत्रांवर चालतो, केंद्रास शिफारस.' त्या 'तथापि'ला मी मनातल्या मनात दंडवत घातला.

सुमन परीक्षेला बसली आणि उत्तम पास झाली. पण तपासणीनंतर ती चाचांशी बोलेनाशी झाली. त्यांना बघितलं की तोंड फिरवायची. चाचांनी सुपारी पुढे केली तर घ्यायची नाही. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. चाचा माझ्याकडे केविलवाणं बघायचे आणि म्हणायचे, "पोर लई दुखावली, बाई. तिला वाटतंय, म्या तिची गाडी बंद पाडली." मी म्हणायचे, "होईल शांत." तिला खरं सांगायला मला रोज दिवसभर वेळ होता आणि रोज दिवसभर काहीतरी काम निघायचं.

शेवटी सुमन पासलीला परत निघाली. त्या दिवशी चाचांनी माझ्यासमोर एक तिकीट ठेवलं. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यातून कापलेलं, पेनाने रेघा मारलेलं. वर लिहिलं होतं, 'भोर ते पासली, एक फुल.'

"दंड हाय," चाचा म्हणाले. "साहेबाला म्या सांगितलं त्ये ऱ्हाऊ द्या. सुमनला तुमीच सांगायचं. जावा, नायतर आत्ता जिन्यातच सांगा."

"सांगते हो," मी म्हटलं.

"मुदत न्हाई तिकिटाला. पन छेदल्याबिगर संपत न्हाई त्ये."

मी सांगितलं नाही. मला लाज वाटली, दुसरं काही नाही.

पुढे नवी यंत्रं आली. त्यांत मेमरी इतकी की जागेचा प्रश्नच मिटला. चाचा एकदा नव्या यंत्रापुढे बसले, यादी बघितली, आणि आकडा वाचून उदास झाले. "रिकामी गाडी हाकायची म्हंजी डायवरचं काम, बाई. कंडक्टरला काय काम ऱ्हायलं?" नंतर ते परत जिन्याखालच्या बाकड्यावर बसू लागले. मी वरून अधूनमधून मुद्दाम ओरडायचे, "जागा नाही!" आणि ते खालून ओरडायचे, "फुडं सरका, मागं जागा हाय!"

दोन हजार साल उलटल्यावर काही वर्षांनी, एका पहाटे ते गेले. घरासमोरच्या गल्लीत अलोट गर्दी झाली. भोरच्या मोहल्ल्यातली सगळी माणसं, डेपोतले जुने सोबती, वेल्ह्याच्या डोंगरातले फेटेवाले म्हातारे, शिवऱ्याचे हॉटेलमालक. जनाजा उचलायची वेळ झाली तरी दारापाशी वाट होईना. तेव्हा त्यांचा मुलगा अस्लम गर्दीला म्हणाला, "जरा फुडं सरका, मागं जागा हाय." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. सगळी गल्ली हसली. अस्लमही हसला आणि मग भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. मीही रडले. त्या गर्दीत मला सुमन दिसली नाही, आणि तिने त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही असं मनात येऊन माझा जीव कासावीस झाला.

आठ दिवसांनी मी पासलीच्या गाडीत बसले. सुमन आता गावातच कचेरीत कॉम्प्युटरवर काम करत होती. टेबलावर फाईलींची चळत, शेजारी शाईचा शिक्का, कागदाला भोकं पाडायचं यंत्र. मला बघून ती उठली आणि पाया पडू लागली. मी तिला धरलं आणि सगळं एका दमात ओतलं. फ्लॉपी मी चढवली होती. तुझं यंत्र मी बंद पाडलं. चाचांनी माझ्यासाठी आळ घेतला, आणि तू उगाच त्या माणसाशी शेवटपर्यंत अबोला धरलास.

सुमन ऐकत होती. मग तिच्या तोंडाला हळूहळू हसू फुटलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"बाई, मला तवाच ठावं हुतं. कोंबडीचं तिकीट फाडणारा मानूस आसं करंल व्हय?"

"मग तो अबोला?"

"ते चाचांनीच सांगितलं हुतं करायला! म्हनले, 'तू माझ्यावर रुसल्याचं सोंग कर, बाईंना बघवनार न्हाई, दोन दिसांत सांगतील.' दोनाचं तीन आठवडं झालं. आमी रोज उत्रोलीच्या वाटंला भेटायचो, सुपारी खायचो आन् हसायचो. मी म्हनलं, चाचा, बाई काय सांगत न्हाईत. तर म्हनले, 'सांगतील गं. गाडी लेट हाय, रद्द न्हाई झाली.'" तिने पदराने डोळे टिपले. "दर ईदेला जायचे मी त्यांच्याकडं. दरसाल इचारायचे, 'आल्या का बाई?' यंदा ह्यो पोटात हाय, म्हनून मातीला आले न्हाई."

मी पर्स उघडली आणि पुठ्ठ्याचं ते तिकीट तिच्यासमोर ठेवलं. कडा मऊ पडल्या होत्या, पण अक्षरं शाबूत होती. भोर ते पासली, एक फुल.

सुमनने ते उलटंसुलटं करून नीट तपासलं. मग टेबलावरचं भोकं पाडायचं यंत्र पुढे ओढलं, तिकीट त्यात सरकवलं आणि दोनदा दाबलं. टक टक.